बेटाचा आकडा

४ सप्टेंबर

चि. पारा हीस आशीर्वाद.

स्मरणदिनानिमित्त आगाऊ निघालेल्या विशेषांकातील तुझा लेख वाचला. बोटी तीन नव्हत्या, दोन होत्या. त्या रात्री बुडाल्या नाहीत. संध्याकाळी, दिवे लागण्यापूर्वी बुडाल्या. युद्ध त्या दिवशी सुरू झाले नाही; ते चार महिने आधीच सुरू झाले होते, आणि बॉम्बच्या भीतीने बंदरातील मुले खाडीपलीकडे हलविली जात होती, म्हणून तर त्या बोटी निघाल्या. तुझी मावशी ‘प्रवासी’ नव्हती. एकोणीस वर्षांची ती मुलगी इतरांच्या मुलांना सांभाळण्यासाठी स्वखुशीने गेली होती. आणि बुडालेल्यांची संख्या तू तीन हजार दिली आहेस. दोन बोटींत तीन हजार माणसे? हा बेटाचा आकडा कोठून पैदा केलास? चारशे बारा माणसे गेली. तेवढी पुरेशी आहेत. त्यांत भर घालण्याची गरज नाही.

एक वाक्य मात्र रचनेने आणि आशयाने सर्वस्वी निर्दोष उतरले आहे: ‘सीमेपलीकडच्यांनी त्यांच्या वेधशाळांचे आकडे रोखून धरले, येणारे वादळ आपल्यापासून लपविले, आणि निष्पाप मुलांचा घात केला.’ हवामान खात्यात माझी हयात गेली. त्या काळी आमच्या नकाशाचा पलीकडचा अर्धा भाग कोरा कागद होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. तुझ्या आईने ते वाक्य कात्रीने कापून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटविले आहे. आपल्या ताईविषयी ती बोलत नाही, हे तू जाणतेस. तिची कात्री बोलते.

हे सारे फोनवर सांगता आले असते, असे तू म्हणशील. फोनवर बोललेले वाक्य पुन्हा वाचता येत नाही. सबब ते सुधारताही येत नाही.

तुझा,
आजोबा

११ सप्टेंबर

आजोबा!!!

चुका कबूल, कान पकडले, पण आधी हे ऐका. नकाशा भरला!

यंदाच्या शांतता करारात कलम होतंच ना, की दोन्हीकडच्या वेधशाळा पुन्हा आकडे देतील? ते काल सुरू झालं. तुम्हाला माहीत आहे, मशीन काय वाटेल ते नकाशे काढतं, पण आमचे साहेब आम्हा शिकाऊंना सकाळचा नकाशा हातानंच काढायला लावतात. काल पाळी माझी होती. मी आपली नेहमीसारखी सीमेपर्यंत हवेच्या दाबाची रेषा आणून तिथं तुटक टिंबं देत बसले होते, आणि मागून गॉगल ओरडला, “आले! अगं आले!” (गॉगल म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. घरातही काळा चष्मा लावतो.) सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती. साहेबसुद्धा चहाचा कप हातात घेऊन. मी पेन्सिल धरून नुसती उभी.

“काय गं, मुहूर्त बघतेस का?” गॉगल म्हणाला. “लिही की!”

दाबाचा पहिला आकडा काय असेल? एक हजार एकशे तेरा! सगळे एकदम ओरडले, “बेटाचा आकडा!” आणि असा हशा पिकला की साहेबांचा चहा माझ्या नकाशावर. दोन मिनिटांत पलीकडून दुरुस्ती आली: “एक हजार तेरा वाचावे. क्षमस्व. इकडे सगळ्यांचे हात थरथरत आहेत.”

आजोबा, मी ते वाचलं आणि मला रडूच आलं. म्हणजे तिकडेही कुणीतरी माझ्यासारखंच टेबलापाशी उभं होतं! मी जन्मल्यापासून तो भाग कोराच पाहत आलेय. वरून काढलेल्या फोटोंत ढग दिसतात, पण खाली पारा किती, ते कुठे दिसतं? मला तर वाटायचं तिकडे हवामानच नसतं. मग मी रेषा ओढली. आपल्या टेकड्यांवरून निघाली, सीमेवर थांबली नाही, सरळ तिकडे गेली, डोंगराला वळसा घातला आणि परत आपल्याकडे आली. वाऱ्याला युद्ध झाल्याचं कुणी कळवलंच नव्हतं वाटतं!

आता खरी बातमी. १५ ऑक्टोबरला बंदरावर स्मरणदिन आहे. यंदा पहिल्यांदाच पलीकडच्या हवामान खात्याची माणसं येणार आहेत, आणि बुडालेल्यांच्या घरचं कुणीतरी म्हणून भाषणाला मला निवडलंय! रेडिओवर थेट! मी आनंदानं आईला फोन केला. ती म्हणाली, “त्या लोकांशी हात मिळवलास, तर तो हात घेऊन माझ्या घरात पाऊल टाकू नकोस.” आणि खाडकन फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाहीये. आजोबा, काहीतरी करा ना. आईनं ऐकलं नाही तर मी कुणासाठी बोलू?

तुमची पारा

१६ सप्टेंबर

चि. पारा हीस आशीर्वाद.

एका ओळीत तीन उद्गारचिन्हे देऊ नयेत, एकाने भागते. वाऱ्याविषयीचे वाक्य भाषणात घेऊ नये. तसली वाक्ये लोक डोळे मिटून ऐकतात आणि डोळे उघडताच विसरतात.

आता मुद्द्याचे. डोंगराला वळसा घालणारी ती रेषा कोणत्या वायुभाराची होती, हे तू कळविले नाहीस! तिच्या पुढची रेषा तिला किती जवळ होती? दरीच्या बाजूस फुगवटा होता काय? मी दोन दिवस मनातल्या मनात ती रेषा ओढतो आहे, आणि प्रत्येक वेळी निराळी येते आहे. शक्य तर नकाशाची नक्कल धाडावी, चहाच्या डागासह.

तुझ्या आईशी बोललो. ती भांडी विसळत होती.

“नातीची बाजू घ्यायला आलात ना बाबा?”

“बाजू नव्हे. भाषण ऐकावेस, एवढेच.”

“ऐकून काय ऐकू? पाहुणे आले, हार घाला? त्यांनी एक आकडा कळवला असता, एक! तर ताई आज साठीला आली असती. गुडघे दुखतात म्हणून माझ्याशी कुरकुरत असती.” एवढे बोलून तिने पातेले असे आपटले की समोरच्या शिंप्याने मान वर करून पाहिले.

तिचे म्हणणे खरे आहे. तू भाषणात तुझे ते निर्दोष वाक्य घ्यावेस. पाहुण्यांसमोर, शांतपणे, तोंडावर. मैत्री करावयाची तर आधी हिशेब मांडावा. असे केलेस, तर तुझी आई ऐकेल, असा माझा कयास आहे.

तुझा,
आजोबा

२९ सप्टेंबर

आजोबा,

हे पत्र दोनदा वाचा. आणि आईला दाखवू नका.

पलीकडची माणसं आली, तयारीसाठी, आधीच. चौघं आहेत. त्यांची आपली बोली एकच, नुसता हेल वेगळा. त्यामुळे पहिल्या तासातच गॉगल त्यांच्या एकाशी क्रिकेटवरून भांडला. त्यांच्यात एक बाई आहेत. कधीच निवृत्त झालेल्या, केस कापूस झालेले, पण चालणं असं की मी मागे पडते. तरुणपणी त्या त्यांच्या समुद्रातल्या बेटावर निरीक्षक होत्या. एकट्या. मला बघताच सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“जिची मावशी बोटीत होती, ती पोर तूच का?”

“हो.”

“मग तूच सांग मला. आयुष्यभर विचारायचं होतं, कुणी भेटलं नाही. तुमच्याकडची माणसं इतकी बेदरकार कशी गं? आकडा कळूनही पोरं बोटीत बसवलीत?”

“कुठला आकडा?”

“कुठला म्हणजे? माझा!”

आजोबा, त्यांना आकडे बंद करायचा हुकूम होता. त्यांनी पाळलाही, चार महिने. त्या दिवशी सकाळी बेटावर पारा बघितला तर दगड पडावा तसा खाली चाललेला. वाऱ्याची दिशा बघितली. वादळ सरळ आपल्या बंदराकडे निघालेलं. त्या म्हणाल्या, “माझी नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं. समुद्रात काय फक्त सैनिक असतात? बिनतारी यंत्र लावलं आणि उघड्या अंकांत पाठवला, गुप्त लिपीत नाही, म्हणजे तुमचं शेंबडं पोरही वाचू शकेल. तीनदा. नऊशे एकोणसत्तर.” नोकरी खरंच गेली. पुढची सहा वर्षं त्यांनी शिवणकाम केलं, मग कुठे खात्यानं परत घेतलं.

मी काही बोलणार, एवढ्यात बाजूला उभा असलेला गॉगल सवयीनं म्हणाला, “नऊशे एकोणसत्तर? हा तर बेटाचा आकडा!” आणि फिदीफिदी हसला.

बाई म्हणाल्या, “हो. बेटाचाच होता.”

तो हसायचा थांबला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आजोबा, आपण सगळे हे म्हणतो. तुम्ही म्हणता. आई भाजीवाल्याला म्हणते, “साठ रुपये किलो? हा काय बेटाचा आकडा!” अशक्य, हास्यास्पद आकडा म्हणजे बेटाचा आकडा. मी लहानपणी ‘बेटा’चा समजायचे, बेटा म्हणजे मुलगा! पण कुठलं बेट? आपल्या किनाऱ्याला तर एकही बेट नाही.

तुम्ही हा शब्द घरी आणलात. तो कुठून आणलात?

पारा

२ ऑक्टोबर

पारा,

तुझे पत्र मिळाले. बाईंची दिशाभूल झाली आहे, किंवा त्या तुझी करीत आहेत. चाळीस वर्षांनी प्रत्येकास आपण शूर होतो असे आठवते. पलीकडून आकडा आला असता, तर तो नकाशावर लागला असता. लागला असता, तर बोटी निघाल्या नसत्या. म्हणींना उगम नसतो. त्या कचेरीत धुळीसारख्या साचतात. तो महिना मी डोंगरावरील वेधशाळेत बदलीवर होतो, पण कचेरी मला ठाऊक आहे. भाषण ठरल्याप्रमाणे करावे.

आजोबा

३ ऑक्टोबर

चि. पारा,

कालचे पत्र रद्द समजावे.

ते पेटीत टाकून परतताना मला आठवले, की मी डोंगरावर जाण्यापूर्वी ती म्हण कचेरीत नव्हती. परत आलो, तेव्हा होती. सगळे म्हणत, मीही म्हणू लागलो. रस्त्यातच उभा राहिलो. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने जे काही ऐकविले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

तसाच तारमास्तरांकडे गेलो. आमच्या कचेरीत बिनतारी संदेश घेण्याचे काम यांचे. हल्ली ते आपल्या गल्लीच्या टोकाला, मुलाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतात. बसलो न बसलो तोच विचारले, “बेटाचा आकडा म्हणजे कोणता?”

“अहो, नऊशे एकोणसत्तर!” ते हसत म्हणाले. “मीच घेतला की. काय हसलो होतो आम्ही!”

“का हसलात?”

“तेव्हाचे साहेब म्हणाले ना. आपल्या किनाऱ्यावर लख्ख ऊन, पारा हजाराच्या वर, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. आणि हा एकटाच कुठून तरी नऊशे एकोणसत्तर! साहेब म्हणाले, शेजाऱ्यांशी जुळत नाही, वगळा. आणि म्हणाले, शत्रू आपल्याला हवामान सांगणार होय? बोटी बंदरात अडकवून वरून बॉम्ब टाकायचेत त्यांना. मग काय, दिवसभर कुणाचा पगार, कुणाचं वय, सगळंच बेटाचा आकडा…”

“आणि संध्याकाळी?”

तारमास्तरांचे हसू थांबले. सायकलचे एक चाक हातात फिरत होते, ते त्यांनी धरून ठेवले. “संध्याकाळी,” ते म्हणाले, “जो तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी माणसं शोधायच्या गडबडीत… नाही हो. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हण तेवढी राहिली.”

पारा, तो नियम तूही शिकली आहेस, मीच शिकविला आहे: जो आकडा आजूबाजूच्या ठाण्यांशी जुळत नाही, तो यंत्राचा दोष समजून वगळावा. नियम अचूक आहे. परंतु तो शेजारी बोलत असतील तेव्हाचा आहे. येथे बेटाचे सारे शेजारी गप्प होते, बोलणारे एकच होते, आणि जे एकटेच बोलले त्यांनाच आम्ही खोटे ठरविले. साहेब मूर्ख नव्हते, दुष्टही नव्हते. त्या टेबलापाशी कोणीही असते, तरी त्याने तेच केले असते.

मी चिडलो आहे, सुन्न आहे, आणि सांगावयास लाज वाटत नाही, हर्षितही आहे. कोणीतरी आपल्याला हाक मारली होती! माझ्या मुलीला कोणीतरी वाचवू पाहत होते. चाळीस वर्षे मी हे जाणत नव्हतो.

तुझे ते वाक्य निर्दोष आहे, असे मी म्हटले होते. आकडे रोखले होते, एवढे सोडून त्यातील एकही विधान टिकत नाही. ते काढून टाकावे.

आजोबा

८ ऑक्टोबर

आजोबा,

तुमचं पत्र बाईंना वाचून दाखवलं. तारमास्तरांची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “म्हणजे पोचला होता तर! मी बसले तुम्हाला शिव्या देत, तुम्ही बसलात मला हसत.” आणि हसायला लागल्या, खरंच हसायला, आणि मग माझा हात धरून ठेवला. मी मिळवला नाही, त्यांनीच धरला. आईला तेवढं सांगा. छे, नका सांगू.

आमचे साहेब म्हणतात, हे बोलू नकोस. “खरं आहे, पण यंदा नको. करार ओला आहे अजून. घरची माणसं रस्त्यावर येतील, ‘आपल्याच लोकांनी मारलं’ म्हणून. आणि तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे विसरू नकोस.” ते वाईट नाहीत, आजोबा. त्यांना भीती वाटते.

मलाही वाटते, पण त्याची नाही. मी आईच्या हातातून तिचा शत्रू काढून घेणार आहे. चाळीस वर्षं ती त्याच्यावर रागावून उभी आहे. तो काढला आणि ती पडली तर?

रोज खोलीत येरझाऱ्या घालते आणि विचार करते. शाळेत शिकवलं होतं की युद्ध म्हणजे सैन्य, तोफा, विमानं. मला वाटतं तो नंतरचा भाग. आधी आकडे येणं बंद होतं, आणि मग आलेला आकडाही खरा वाटत नाही. आणि करारावर सह्या झाल्या म्हणून शांतता होत नाही. गेल्या महिन्यात पलीकडून कुणीतरी “हात थरथरत आहेत” असं लिहिलं आणि आम्हाला ते खरं वाटलं, तेव्हा झाली. बरोबर आहे का, सांगा. भाषेच्या चुका नंतर.

मी बोलणार आहे. बाई शेजारी उभ्या राहणार आहेत. त्यांची माणसं १७ तारखेच्या सकाळी परत जातील. तुम्ही एकच करा: १५ला रेडिओ लावा. आईला काहीही सांगू नका. तिला कळायचं तर माझ्या तोंडून कळू दे.

मला इतकी भीती वाटतेय आणि इतकं छान वाटतंय, की काय सांगू!

पारा

१५ ऑक्टोबर

चि. पारा हीस अनेक आशीर्वाद.

रेडिओ सकाळपासूनच लावून ठेवला होता. तुझी आई म्हणाली, “तुम्हाला ऐकायचं ते ऐका. मला कामं आहेत.” ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतले. मी आवाज वाढविला नाही. तू काही सांगू नको म्हटले होतेस. मी आवाज वाढवून तरी का सांगावे?

तुझा आवाज पहिल्या दोन वाक्यांत कापला, पुढे सुधारला. चारशे बारा हा आकडा बरोबर सांगितलास. मावशीविषयी बोललीस, तेव्हा आत नळ बंद झाला. बेटाविषयी बोललीस, तेव्हा दार उघडले. ‘नऊशे एकोणसत्तर’ म्हणालीस, ‘तो आला होता, आणि आपण हसलो’ म्हणालीस, आणि तुझी आई ओल्या हातांनी बाहेर आली. ती सरळ रेडिओकडे चालली. ती आता तो बंद करणार, अशी माझी खात्री झाली. मी उठलोही, पण माझे उठणे म्हणजे काय, तुला ठाऊक आहे.

तिने आवाज वाढविला. पूर्ण. मग रस्त्याकडची खिडकी उघडली, दोन्ही झडपा. समोरच्या शिंप्याने यंत्र थांबविले. तारमास्तरांच्या दुकानापर्यंत तुझा आवाज गेला, असे मला नंतर कळले. ते रस्त्यात येऊन, उन्हात, उघड्या डोक्याने उभे होते. लोकांनी तिकडे बंदरावर गोंगाट केला, तोही ऐकला. कोणी तरी ‘गद्दार’ म्हणाले. मग कोणा एका बाईचा आवाज आला, “बोलू द्या तिला! माझा मुलगा होता बोटीत!” आणि तू बोलत राहिलीस.

भाषण संपल्यावर तुझ्या आईने विचारले, “बाबा, आकडा आला होता?”

“आला होता.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“या महिन्याच्या तीन तारखेला कळले.”

“आणि मी भाजीवाल्याला…” मग संतापली. साहेबांवर, तारमास्तरांवर, माझ्यावर, तुझ्यावर, क्रमाने. इतकी बोलली की गेल्या चाळीस वर्षांत बोलली नसेल. ताई कशी पोहायची, ताईने निघताना हिची निळी रिबन ढापली होती, ताई किती खोटारडी होती. शेवटी तिने विचारले, “त्या बाई एकट्याच होत्या बेटावर?” मी होय म्हटले. “तीनदा पाठवला?” मी होय म्हटले. तिने कपाटाचे दार उघडले, तुझे वाक्य नखाने खरवडून काढले, आणि माळ्यावरून प्रवासाची पिशवी काढली.

म्हणून हे पत्र टपालाने येत नाही. ते तुझ्या आईच्या पिशवीतून येत आहे.

शांततेविषयीचे तुझे म्हणणे बरोबर आहे. भाषण छापले जाणार, असे निवेदकाने सांगितले. छापण्यापूर्वी पुढील तारखा दुरुस्त करून घ्याव्यात.

९ जून: युद्ध पुकारले गेले. ‘जूनच्या मध्यास’ म्हणू नये.

११ जून: पलीकडचे आकडे बंद झाले. त्याच दिवशी आपलेही बंद झाले. हे तू सांगितले नाहीस. सांगावयास हवे होते.

१४ ऑक्टोबर, सकाळ: बेटावरून आकडा निघाला आणि पोहोचला. दोन्ही क्रियापदे ठेवावीत.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ: बोटी बुडाल्या. १५ ही सरकारने जाहीर केल्याची तारीख आहे, मुलांची नव्हे. स्मरणदिन पुढील वर्षापासून १४ला असावा, असा अर्ज तारमास्तर व मी करीत आहोत.

१० सप्टेंबर, चालू वर्ष: नकाशा पूर्ण झाला.

१६ ऑक्टोबर: तुझी आई सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी पोहोचेल.

१७ ऑक्टोबर: बाई परत जाणार, असे तू लिहिले आहेस. ही तारीख चूक आहे. त्यांना थांबवून घ्यावे.